मोहरीचा पहारा

माझ्या धाकट्या मामांइतका सावध माणूस अख्ख्या तंजावुरात नाही, आणि त्यांच्या घरात चोरण्यासारखं काही आहे असं मानणाराही त्यांच्याखेरीज दुसरा कोणी नाही. पापनाशमला लग्नाला जायचं झालं, तर मामा कुलूप लावतात, ओढून बघतात, बसस्टँडवरून ऑटोनं परत येऊन पुन्हा ओढतात, आणि तरीही मिक्सरचं भांडं पिशवीत घालून बरोबर नेतात. "भांड्याशिवाय नुसता मिक्सर नेऊन चोर चटणी कशांत वाटेल?" असं ते मला समजावतात. डाव्या हातानं ते भांडं पोटाशी धरून उजव्या हातानं अक्षता टाकणारे मामा मी डोळ्यांनी पाहिले आहेत. लग्नाच्या फोटोतही ते तसेच आले आहेत.

अशा माणसाच्या घरी संगणक आला. मामांची मुलगी लग्न होऊन कॅनडाला गेली ती तिकडचीच झाली. तिला एक मुलगी. आजीला नात दिसावी, नातीला आजी दिसावी, एवढ्याचसाठी तिनं तो इथल्या दुकानातून घरपोच पाठवला. मामी तर खोकं फोडायच्या आधीच ठेवणीतली साडी नेसून त्याच्यापुढे बसली. मामांनी खोक्याभोवती एक फेरी मारली, "हा आंत आला म्हणजे सगळं जग आंत आलं," असं म्हटलं आणि दाराला कडी लावली.

संगणकातलं थोडंफार कळणारा म्हणून मला बोलावणं आलं. मी अँटिव्हायरस घालून दिला. हा काय करतो, असं मामांनी विचारलं. पहारा करतो, असं मी सांगितलं. "याला मराठी येतं?" "नाही, मामा." "मग आपला कोण नि परका कोण, हें याला कसं कळायचं?" आणि मामांनी बंदोबस्त स्वतःकडे घेतला. राहुकाळात इंटरनेट बंद, कारण भली माणसं त्या वेळी कामं टाळतात, म्हणजे बाकीच्यांना रान मोकळं. कॅमेऱ्यावर रोज पूजेनंतर गंधाचा टिळा. बोलताना तो मामीनं पदरानं पुसायचा. वापर संपला की कीबोर्ड आणि माउस तांदळाच्या डब्यात. त्यामुळे अजूनही काही अक्षरं दाबली की आत तांदूळ करकरतो. माझा पेनड्राइव्ह तर त्यांनी हळद लावून बाहेरच्या ओट्यावर उन्हात ठेवला होता. तो पुन्हा कधी चालला नाही.

पण या सगळ्यावर मामांचा खरा भरवसा नव्हता. भरवसा होता तो आमच्या भाषेवर. आमच्याकडे दाराबाहेर तमिळ आणि दाराआत मराठी, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. "तमिळ चोराला येतं, इंग्रजी येतं, हिंदी तर येतेच येते. आपलं मराठी कुठला चोर शिकेल? शिकून त्याचं काय भलं होणार?" तेव्हा संगणकावर किंवा फोनवर कोणीही आलं की मामा एकच प्रश्न विचारायचे: "आपल्या घरांत डांगर पच्चडीला मोहरीची फोडणी केव्हां घालतात?" डांगर पच्चडी म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ. आमच्या सगळ्या घरांत तिच्यावर मोहरी तडतडते. मामांच्या घरी नाही, कारण मामीला दाताखाली मोहरी आलेली खपत नाही. तेव्हा घालतच नाहीत, हे खरं उत्तर. एकदा बँकेतून बोलते म्हणणारी एक बाई मधाळ तमिळमध्ये ओटीपी मागू लागली. मामांनी पच्चडी विचारली. बाईनं गोंधळून स्वतःच फोन ठेवला. त्या दिवसापासून मामा रस्त्यानं छाती काढून चालू लागले.

आणि मग नातीचा पहिला फोन आला. पडद्यावर दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. मामी लाडानं "कण्णा" म्हणून पुढे झुकली, तर मामांनी तिला बाजूला सारलं. हल्ली चेहरे आणि आवाजही बनावट करतात, असं त्यांनी पेपरात वाचलं होतं. "थांब. कोण बोलूलालंय, हें आधीं कळूं दे." मोहरीचा प्रश्न झाला. पोरीला मराठी सगळं समजतं, पण बोलता येत नाही. तिनं इंग्रजीत सांगितलं की आजीला आवडत नाही म्हणून घालत नाहीत. मामा शेजारी बसलेल्या माझ्याकडे वळून म्हणाले, "उत्तर बरोबर, भाषा परकी. चोरानं माहिती काढली!" आणि त्यांनी वायर ओढली.

पोर दिवसभर रडली. आजोबा मला चोर म्हणाले, आता मी बोलणार नाही, असं तिनं आईला बजावलं. इकडे मामीनं मामांशी बोलणं टाकलं आणि पच्चडीत मोहरी घालायला सुरुवात केली, चांगली मूठभर. "अगं, घराची खूणच फोडलीस!" मामा पानावरून ओरडले. "नातच गेली, खूण ठेवून काय करूं?" एवढं बोलून मामी आत गेली. खरं सांगतो, तेव्हा मला मामांचा फार राग आला होता. पुढचे कितीतरी दिवस ठेवणीतली साडी घडीतच राहिली.

मग एका रविवारी संध्याकाळी मी तिथं असताना संगणक वाजला. नात एकटीच बसली होती, पाठ ताठ करून. अडखळत, एकेक शब्द पारखून ती म्हणाली, "आजोबा, आपल्या घरांत मोहरी घालत नाहींत. आजीला आवडत नाहीं." स्वयंपाकघरातून मामी धावत आली. मामा पडद्याजवळ सरकले. "कोण शिकवलं तुज?" "अम्मानं." मामांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि आवाज चढवून म्हणाले, "माझी खात्री पटली नाहीं. आणखी विचारणार." मग चिंच कशात घालतात, आजी पूजेला कुठं बसते, मामांचं मिक्सरचं भांडं कुठं कुठं जाऊन आलं, असे प्रश्नांवर प्रश्न. राहुकाळ लागला. मी घड्याळाकडे बोट केलं, तर मामा घड्याळाकडे पाठ करून बसले.

आता ती मुलगी भराभर मराठी बोलते. पच्चडीतली मोहरी गेली, गंधाचा टिळा गेला. प्रश्न मात्र दर रविवारी तोच असतो. "झाली का खात्री, आजोबा?" "अजून नाहीं." परवा जेवताना मी माझ्या लेकीला सहज तो प्रश्न विचारला. ती इथलीच, तंजावुरात वाढलेली, मामांच्या पंक्तीला कितीदा जेवलेली. तिनं अगदी बरोबर उत्तर दिलं, तमिळमध्ये. मी नुसती मान हलवली आणि जेवू लागलो. वायर ओढायला मामांसारखं माणूस लागतं.