डोंग्याचे खिळे

सोफा शिवणाऱ्या मिस्त्रीने खिळ्यांचा पुडा फोडला आणि तेलकट लोखंडाच्या वासाने मी थेट पवनीच्या घाटावर पोचले.

नुकतं लग्न झालं होतं. सासरे मासेमारीसाठी नवा डोंगा बांधत होते आणि प्रत्येक कोऱ्या खिळ्याचं टोक हातोडीने बोथट करत होते.

"मामाजी, चांगलं टोक काहून मोडता?"

"टोकदार खिळा फळी चिरते, बेटा. मंग पाणी आत घुसते."

डोंगा पाण्यात उतरला, तेव्हा त्यांनी मलाही बसवलं. मला पोहता येत नव्हतं. नदीच्या मधोमध मी घाबरत तळाच्या खिळ्यांवर हात ठेवला. तो कोरडाच वर आला.

तेव्हा नुसतं हुश्श झालं. आज अंगावर काटा येतो. एवढी मोठी वैनगंगा, आणि तिला बाहेर थांबवणारे ते बोथट खिळे!