बूट काढलेले पाय

एलुबी काम्वेंडोला गल्लीतले लोक ‘वेड्यांची मास्तरीण’ म्हणत. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला लागली तेव्हापासून हे नाव तिला चिकटलं होतं, आणि तिनेही ते कधी झटकलं नाही. डेड्झाच्या डोंगराखालच्या गावात, चर्चच्या धर्मशिक्षकाच्या घरी ती वाढली होती. बोलणं कमी, चालणं भरभर. नवरा लवकर गेला, मुली शिकून राजधानीला, लिलाँग्वेला नोकरीला लागल्या. माणसाची आठवण कशी घडते आणि कशी बिघडते, हा तिचा जीव की प्राण विषय. आठवण म्हणजे पेटीत घडी घालून ठेवलेलं कापड नव्हे, असं ती वर्गात सांगे. ती रोज नव्याने रांधलेली न्सिमा, मक्याच्या पिठाची उकड असते. ढवळणारा हात बदलला की चव बदलते. मुलं लिहून घेत. पण कोर्टाची पायरी ती पन्नाशी उलटेपर्यंत चढली नव्हती.

ती तिला चढायला लावली म्सिस्का वकिलाने. गरिबांचे खटले लढवायला सरकारने नेमलेला हा उत्तरेकडचा गडी, तोंडाने फटकळ आणि मनाने मऊ. त्याचा अशील होता मासाउत्सो. तलावाकाठचे सुके मासे सायकलवर लादून गावोगाव विकणारा. बाप मेला त्याच महिन्यात हा जन्मला, म्हणून आईने नाव ठेवलं मासाउत्सो, म्हणजे संकटं. पकडणारा इन्स्पेक्टर त्यावर हसून म्हणाला होता की आरोपपत्र आईनेच लिहून ठेवलं होतं, आम्ही नुसती सही केली.

प्रकरण मक्याच्या गिरणीचं होतं. भर दुपारी कुणीतरी आत शिरलं, गिरणीवाल्या फोस्टिनोच्या तोंडावर लोखंडी कांब घातली आणि गल्ला घेऊन पळालं. फोस्टिनोचा एक डोळा गेला. तो दळणावर वाकलेला होता, त्याला काहीच दिसलं नाही. पाहणारी एकटी होती म्हातारी एसनार्ट. सारा गाव तिला आगोगो, म्हणजे आजी, म्हणे. ती दळण घेऊन कोपऱ्यात बसली होती. पुढे पोलिसांनी ओळख परेड घेतली, तेव्हा आगोगोने रांगेतल्या मासाउत्सोच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरा पुरावा काही नव्हता. पण तेवढ्या एका हातावर त्याचं तरुणपण तुरुंगात सरणार होतं.

म्सिस्काचा बेत सरळ होता. म्हातारीला कोर्टात लांबची पाटी वाचायला लावायची, दिसत नाही असं सिद्ध करायचं आणि मोकळं व्हायचं. एलुबीला ते रुचलं नाही. चारचौघांत म्हाताऱ्या बाईची फजिती करून मिळवलेला न्याय घशाखाली उतरेना. आधी मी तिला भेटते, मग तुझं काय ते कर, असं तिने त्याला सांगितलं.

आगोगो अंगणात शेंगा सोलत बसली होती. एलुबी गुडघे टेकून नमस्कार करून तिच्याशेजारी बसली आणि न विचारता शेंगा सोलू लागली. जरा वेळाने आगोगोने हातातली शेंग खाली टाकून आभाळाकडे हातवारे केले. लांब उंचावर घार होती आणि अंगणात कोंबडीची पिल्लं. एलुबीला ती घार शोधायला वेळ लागला. म्सिस्काचा बेत तिथेच आटोपला.

मग तिने हळूच त्या दुपारचं विचारलं. आगोगो घडाघडा सांगू लागली. तो धावत आला, दळणाच्या पिशवीवरून उडी मारून गेला. टाच फुटलेली, भेगांत माती भरलेली, घोट्यापर्यंत धूळ.

“आणि तोंड, आगोगो?”

“तोंड?” म्हातारीने तिच्याकडे असं पाहिलं की जणू हिला आईने काही शिकवलंच नाही. “पोरी, परक्या पुरुषाच्या तोंडाकडे मी कशाला बघू? घरच्याच्याही बघितलं नाही कधी. आमच्या म्हाताऱ्याचा चेहरा मी नीट पाहिला तो त्याला पुरायच्या पेटीत ठेवला तेव्हा. देखणा होता, मेला.”

“मग परेडीत कसं ओळखलं?”

“प्रत्येकापुढे गुडघे टेकले. पोलीस झाला तरी पुरुषच ना, त्याच्यासमोर ताठ कशी उभी राहू? साहेब म्हणाला ओळखा, मी ओळखलं.”

घरी परत येताना बसमध्ये एलुबी आपलं बालपण आठवत होती. तीही तशीच वाढलेली होती. वडिलांच्या पायांचे अंगठे तिला अजून आठवत, त्यांच्या डोळ्यांचा रंग विचारला तर क्षणभर थांबावं लागे. तिने वाचलेल्या पुस्तकांत साक्षीदार चेहरे लक्षात ठेवत, कारण ती माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघून बोलणारी होती.

म्सिस्काने परेडीचा फोटो मिळवून आणला. पोलिसांनी मनापासून काळजी घेतली होती, यात वाद नव्हता. सगळे सारख्या उंचीचे, सारख्याच सदऱ्यातले. एकट्या मासाउत्सोच्या पायात काही नव्हतं, म्हणून कुणावर अन्याय नको असं म्हणत सगळ्यांनाच बूट काढायला लावले होते. रांगेत त्याच्याशिवाय सगळे शिपाई आणि कारकून. त्यांचे पाय मऊ, टाचा गुळगुळीत, घोट्याजवळ मोज्याच्या रबराचे वळ. मधोमध एकच जोडी उन्हात भाजलेली, फुटलेली.

यावर एक जुनी तपासणी असते, ती एलुबी वर्गात शिकवत असे. गुन्हा ज्यांनी पाहिलाच नाही अशांना रांग दाखवायची आणि यातला पोलिसांनी पकडलेला कोण ते विचारायचं. रांग खरी असेल तर उत्तरं विखुरतात. तिने फोटोतल्या चेहऱ्यांवर कागदाची पट्टी चिकटवली आणि लांबच्या जिल्ह्यातल्या एका गिरणीवर जाऊन बसली. दळणाला आलेल्या बाया एकेक करून फोटो बघत आणि जवळपास सगळ्याच एकाच जोडीवर बोट ठेवत. एक ठसकेबाज बाई तर पाठीवरचं लेकरू सावरत म्हणाली, “हे बाकीचे बूटवाले, पगारदार. पगारदार चोरी करतो तेव्हा पायी जातो होय, बाई?”

कोर्टात एलुबी आधी पुस्तकातलेच दाखले देऊ लागली. पोलिसांच्या बाजूने बोलणाऱ्या इन्स्पेक्टरने ते हेरलं आणि विचारलं की हे सगळं गोऱ्यांच्या देशातलं शास्त्र, ते आमच्या आजीबाईंना कसं लावता.

“तसंच्या तसं लावता येत नाही, साहेब,” एलुबी म्हणाली. “तिकडची माणसं तोंडं बघतात. आपल्याला पाय बघायला शिकवलंय. आगोगो खोटं बोलल्या नाहीत. त्यांनी जे पाहिलं तेच शोधलं. रांगेत तसे पाय एकाचेच होते, एवढंच.”

मॅजिस्ट्रेट बाईंनी फोटो बराच वेळ हातात धरला. मग दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला बूट-मोजे काढायला सांगितलं. त्याने लाजत काढले. मागच्या बाकांवर खसखस पिकली, त्याच्या एका मोज्याला भोक होतं. बाईंनी त्याच्या गुळगुळीत टाचा बघून घेतल्या, त्याला बूट घालायला सांगितले आणि खाली मान घालून लिहू लागल्या. इन्स्पेक्टरने चटकन दुसरी परेड मागितली, या वेळी सगळे शेतमजूर उभे करू म्हणाला. एलुबीने नकारार्थी मान हलवली. आता आगोगोंच्या मनात मासाउत्सोचेच पाय बसलेत, तिने सांगितलं. चोरीच्या दुपारी पाहिलेले पाय या पायांखाली दडपले गेले, ते वेगळे काढायची रीत अजून कुणाला सापडलेली नाही.

मासाउत्सो सुटला. म्सिस्काने बाहेर येऊन त्याच्या पाठीवर धपाटा घातला आणि आईला सांगून नाव बदलून घे म्हणाला. मासाउत्सो हसला नाही. तो एलुबीसमोर दोन्ही हात जोडून उभा राहिला आणि आपली सायकल पोलिसांकडून परत मिळेल का, असं त्याने विचारलं.

आगोगो झाडाखाली बसली होती. एलुबी जवळ जाताच तिने विचारलं, “मग तो नव्हता का?”

“मला माहीत नाही, आगोगो.”

“एवढी शिकलीस आणि माहीत नाही?”

“नाही. नसेल. असेलही. त्या रांगेवरून कळत नाही, एवढंच मला माहीत आहे.”

म्हातारीने पाय पोटाशी घेतले. मग आपल्याला कुणी लबाड म्हणालं नाही ना, असं विचारलं. एलुबीने नाही म्हणून सांगितलं, तेव्हा तिने सुस्कारा सोडला.

बसथांब्याच्या बाकावर फोस्टिनो होता. डोळ्यावर पांढरी पट्टी, शेजारी बायको. एलुबीला त्याला टाळता आलं असतं, पण बस एकच होती. ती बाकाशी जाऊन उभी राहिली.

“तुमचं शास्त्र माझा डोळा कुणी घेतला ते सांगेल का, बाई?”

“नाही सांगणार.”

“मग काय कामाचं ते?”

या प्रश्नाला तिच्याकडे वर्गात तयार उत्तर असे. फोस्टिनोच्या पट्टीकडे बघून तिने ते बाजूला ठेवलं. ती म्हणाली, “तुमचा डोळा गेला. त्यापायी भलत्याच माणसाचं आयुष्य गेलं असतं तर ते ओझंही तुमच्याच माथी आलं असतं. ते तेवढं टळलं. याहून जास्त मला नाही जमलं.”

फोस्टिनोच्या बायकोने मांडीवरची टोपली उचलून पायाशी ठेवली आणि नवऱ्याला कोपराने सरकवलं. बाकावर जेमतेम एका माणसापुरती जागा झाली.

“बसा,” ती म्हणाली. “गाडीचा भरवसा नाही.”