परसातलं कोर्ट आणि तिची तिरकी वाट

जांभ्याच्या भुकटीवर पाणी शिंपडून रोलर फिरवला की एक उग्र, तापलेला वास सुटतो. त्यात झाडाखाली गळून पडलेल्या काजूच्या बोंडांचा आंबूस दर्प मिसळला, म्हणजे चैत्रातली दुपार नुसती डोक्यावर चढते. यंदाच्या चैत्रात तीन दिवस मी मागच्या पडवीत बसून तो वास घेत होतो आणि तोंड मिटून होतो. मला ओळखणाऱ्या माणसाला यातली दुसरी गोष्ट खरी वाटणार नाही. माझं तोंड कधी कुणापुढे मिटलेलं नाही.

परसात बॅडमिंटनचं कोर्ट घालायचं हे माझ्या मुलाने, विनयने, ठरवलं. तो पुण्याला असतो. माझी बायको जाऊन दोन पावसाळे झाले होते, आणि तिच्यामागे सुट्टीला आलेली नातवंडं या घरात वाट चुकलेल्या पाखरांसारखी खोल्याखोल्यांतून फिरत. ‘‘पोरां तारकर्लीच्या लॉजवर रवतीत, पन हय दोन दिसांत कंटाळतत, बाबानू,’’ विनय म्हणाला, ‘‘खेळूक कायतरी होया.’’ त्याचं खोटं नव्हतं. पण जिथली माती तिच्या पायांनी गुळगुळीत केली, तिच्यावर सिमेंट ओतायचं, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

आणि त्या जमिनीचं मला एक ठाऊक होतं, जे विनयला ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात हाडासारखं कोरडं दिसणारं ते परस आषाढात आतून पाझरू लागतं. पाणी वरून पडतं त्याहून जास्त खालून उपळतं. पावसाआधी बायको कुदळ घेऊन दर वर्षी तिथे चर खणायची. मी पडवीत विडी ओढत विचारायचो, ‘‘काय गो, खजिनो गावलो काय?’’ कपाळावरचा घाम मनगटाने पुसत ती म्हणायची, ‘‘गावलो तरी तुमका दाखवचंय नाय.’’

मुकादमाने मूळ जमीन न खणता वर भराव घातला, खडी पसरली, लोखंडी जाळी आणून ठेवली. पहिल्याच पावसाळ्यात खालचं पाणी हे सगळं उचलणार, काँक्रीट तडकणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी बोललो नाही. फुटू दे, असंच मनात होतं. सांगायला लाज वाटते, पण खरं ते हेच.

तिसऱ्या दिवशी विनयनेच विचारलं, ‘‘बाबानू, तुमी इतके गप कशे? काय चुकत असात तर आताच सांगा. सकाळी सातांक काँक्रीटचो मिक्सर येतलो.’’

‘‘माका काय कळता त्यातला?’’ मी म्हणालो.

ऊन कलल्यावर मुकादम हातपाय धुवायला स्वयंपाकघराच्या भिंतीशी गेला आणि तिथेच थांबला. भिंतीचा गिलावा कमरेएवढ्या उंचीपर्यंत फुगून सुटला होता. ‘‘आजोबा, ही ओल खंयची?’’

‘‘कौलां गळतत.’’

‘‘कौलांतली ओल वरसून खाली येता,’’ तो हसत म्हणाला. ‘‘ही खालसून वर चडली हा.’’

दोन पावसाळे मी कौलं परतणाऱ्याला शिव्या घालत होतो. आणि दोन पावसाळे, चर खणणारं कुणी नाही म्हणून, पाणी मुकाट्याने आमच्या चुलीकडे चालत आलं होतं. आता त्याच्या वाटेवर दगडासारखं काँक्रीट आलं, तर नुसतं कोर्ट फुटणार नव्हतं. सगळं पाणी घरात शिरणार होतं.

मी विनयला हाक मारली आणि सगळं सांगितलं. तो उसळला. ‘‘तीन दिवस बगत होतास, आनि आता सांगतास?’’ मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, ‘‘आयेचो चर होतो खंय?’’

मी हात उचलला, आणि तो हवेतच राहिला. मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं मी तिची थट्टा केली होती; तिची कुदळ कुठे पडते, हे एकदाही पाहिलं नव्हतं.

शेवटी कुंपणापलीकडच्या रोझीबायला बोलावलं. तिचं आणि माझ्या बायकोचं दुपारचं बसणं-बोलणं सगळं त्याच परसात व्हायचं. ती गाऊन सावरत आली, माझं ऐकलं, आणि सगळ्यांदेखत म्हणाली, ‘‘चाळीस वर्सां तिच्या हातची च्या पियालास भाऊ, आनि चर खंय होतो तां माका इचारतास?’’ मग ती भिंतीच्या कोपऱ्यापासून मागच्या माडापर्यंत, कोर्टाच्या अगदी मधून, तिरकी चालत गेली.

‘‘असो वाकडो?’’ मुकादम म्हणाला.

‘‘पयल्या वर्सा सरळच खणल्यान. पाणी चुलीपर्यंत इला. मगे दर वर्सा थोडो थोडो सरकवल्यान. तिना पाण्याकच इचारल्यान.’’

भराव बाजूला केला, तेव्हा त्या तिरक्या रेघेवर कुदळ लोण्यात शिरावी तशी शिरली. दोन्हीकडे मात्र खणकन आवाज. त्याच रेघेत मुकादमाने पाइप घातला, खडी भरली. मिक्सर दोन दिवस उशिरा आला.

आता तिथे निळं कोर्ट आहे. वैशाखात नातवंडं आली, सकाळ-संध्याकाळ खेळली, भांडली, गुडघे फोडून घेतले, आणि त्यांच्या ओरडण्याने पडवीतली शांतता जरा मागे सरकली. पुढच्या सुट्टीला येऊ म्हणून गेली. त्यांना त्या पांढऱ्या सरळ रेघा तेवढ्या दिसतात. आषाढ अजून यायचा आहे. पाणी पाइपातून माडाकडे जाईल की पुन्हा भिंतीकडे वळेल, हे कोण सांगणार?

मी मात्र घरात जपून वावरायला लागलो आहे. काल तांदळाचा डबा एका बाजूने विटेवर चढवलेला दिसला. किती वर्षांपासून बायकोने तो असा तिरपा ठेवला होता कोण जाणे. मला दिसला कालच. सरळ करावा म्हणून वाकलो, वीट हाताने चाचपली, आणि ती तशीच राहू देऊन रोझीबाय घरात आहे का ते बघायला कुंपणाकडे गेलो.