बंडीतून गेलेला कायदा

कापसाच्या मोसमात अमरावतीत राहायचं आणि अंगाला रुई चिकटू द्यायची नाही, हे कुणाला जमलं असेल तर त्यानं मला भेटावं. किश्शांचंही तसंच. मी काही ते गोळा करत हिंडलो नाही. लायब्ररीत कारकून म्हणून बसलो होतो, ते आपणहून येऊन चिकटले. आता एखादा जुना दोस्त भेटला की एक झटकायला जातो आणि दहा उडतात.

तेव्हा साता समुद्रापलीकडे कुठं तरी लढाई चालली होती आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव आला होता. लढाई कुणाची, कशासाठी, हे कुणी विचारत नव्हतं. ती संपू नये म्हणून नवस मात्र सगळे बोलत होते!

त्याच पैशात गावात लायब्ररी निघाली. आमचे सेक्रेटरी बापूसाहेब हौशी माणूस. त्यांनी नियम केला, की बाहेरगावी राहून सरकारी परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला पुस्तक घरपोच द्यायचं. पोचवायचं कसं? तर कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, अमरावतीला भरून येतात आणि परत रिकाम्या जातात. त्यांतून!

कमिटीतल्या एकानं शंका काढली, "बापूसाहेब, पुस्तकं परत येतील?"

"बैल येतात ना परत? मग पुस्तकंही येतील."

ठराव पास झाला.

*

मुंबईहून पुस्तकांची पहिली पेटी आली, तेव्हा सगळ्यात मोठी देणगी देणारे शेठजी माल बघायला आले. कापसाचे जुने व्यापारी. गंजीच्या वरच्या कापसावर त्यांनी जन्मात विश्वास ठेवला नव्हता. कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि मधला कापूस उपसून बघायचे.

शेठजींनी पेटीतलं जाडजूड भूगोलाचं पुस्तक उचललं, बरोबर मधे उघडलं आणि टर्रकन एक पान फाडलं! उजेडात धरलं, दोन बोटांत चोळलं.

बापूसाहेब पुस्तकावर झेपावले. "अहो शेठजी, हे काय?"

"नमुना! वरचा माल सगळेच चांगला ठेवते."

मग ते पान घडी करून खिशात घातलं, कारण बाजाराच्या रिवाजाप्रमाणे नमुना घेणाऱ्याचा. जाताना म्हणाले, "माल एकसारखा हाय. घेऊन टाका."

त्या पानावर अफगाणिस्तान होता. आमच्या लायब्ररीच्या पुस्तकावर जे जे परीक्षेला बसले, त्यांतल्या एकालाही तो देश कुठं आहे ते कधी सांगता आलं नाही.

*

किसन बंडीवाला सगळ्यांत भरवशाचा. त्याच्या हाती दिलेलं पुस्तक कधी भिजलं नाही, कधी हरवलं नाही. फक्त ते फार उशिरा पोचायचं.

एकदा मी त्याला गाठलं. "किसन, बाकीच्या बंड्या दुपारी पोचतात आणि तुझी दिवेलागणीला. का?"

"पायी जातो ना मी."

"बंडी असताना?"

"पुस्तक बंडीत मागं असते. मी म्होरं बसलो तं त्याच्याकडं पाठ होते. आन वहाणा तं घालताच येत नाई."

त्याचंही चुकत नव्हतं. रोजचं लिहिणं सगळं मोडी लिपीत. छापलेलं बाळबोध अक्षर म्हणजे पोथीच, असा सगळ्यांचा हिशेब. मी समजावलं, "अरे बाबा, ते गणिताचं पुस्तक आहे. देवाचं नाही."

किसननं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमाले समजते काय गणित?"

"सगळं नाही समजत."

"मंग? जे कोनालेच समजत नाई ते देवाचंच असते!"

*

अकोल्याचे एक उमेदवार पुस्तक नेऊन गप्प बसले. बापूसाहेबांनी निरोपावर निरोप धाडले. शेवटी त्यांचा निरोप आला: "पुस्तक केव्हाचंच वाचून झालं. पण येताना बंडी कापसानं भरलेली असते. पुस्तकाच्या जागेत चार मुठी कापूस जास्त बसतो म्हणून बंडीवाला घेत नाही. भाव उतरला की पाठवतो."

त्यानंतर बापूसाहेब लढाई लवकर संपू दे म्हणू लागले. अख्ख्या वऱ्हाडात ते एकटेच असतील!

*

आता नरहरीचं सांगतो. हा अकोटच्या शाळेतला दुय्यम मास्तर. आईबाप नाहीत, मामानं वाढवलेला. मामा कापसाचे दलाल, आणि त्या दिवसांत दलाल म्हणजे राजा. नरहरीला मात्र वकिलीच्या परीक्षेला बसायचं होतं. दोघं नाव नोंदवायला लायब्ररीत आले, तेव्हा मामांनी त्याला माझ्यासमोरच बजावलं, "एक डाव बस. पास झाला तं वकील हो. नापास झाला तं होळीनंतर माह्या गादीवर बसाचं. मंग पुस्तकाचं नाव काढाचं नाई."

मामा बाहेर गेल्यावर नरहरी हळूच म्हणाला, "भाऊ, मले रुईनं शिंका येतात. जलमभर शिंकत बसू काय?"

मी हसलो. पण तो हसत नव्हता, आणि मला त्याची फार कणव आली.

फौजदारी कायद्याचं मराठी पुस्तक लायब्ररीत एकच होतं. ते पिवळ्या फडक्यात बांधून अकोटच्या बंडीसाठी ठेवलं. त्याच दिवशी नांदगाव खंडेश्वरच्या पाटलांनी माघात देवळात वाचायला एक पोथी मागवली होती. तीही पिवळ्या फडक्यात. फडक्यांवर गावांची नावं होती, पण नांदगावच्या बंडीवाल्याला वाचता येत नव्हतं. जाड ती पोथी, असं ठरवून त्यानं जाड गठडं उचललं.

पोथी अकोटला गेली. कायदा नांदगावला!

*

नरहरी पोथी काखेत मारून, शिंकत शिंकत अमरावतीला आला. आम्ही दोघं नांदगावला निघालो.

देवळात पोचलो तर सभामंडप भरलेला. चौरंगावर कायदा, त्याला हळदकुंकू, वर झेंडूची फुलं. मी घाईत वहाणांसकट पुढं झालो, तर चारजणांनी दंडाला धरून मागं ओढलं. पुराणिकबुवा वाचत होते, "जो कोणी दुसऱ्याची चीज लबाडीने नेईल, तो चोर जाणावा." लोक हात जोडून ऐकत होते. कलम संपलं. बुवांनी सूर लावला, "पुंडलिक वरदे..." आणि सगळं देऊळ गरजलं, "हरी विठ्ठल!"

मी पाटलांना बाजूला घेऊन सांगितलं, की ही पोथी नाही, सरकारी कायदा आहे.

"ते पैल्याच दिशी समजलं आमाले," पाटील शांतपणे म्हणाले. "पन चौरंगावर बसली, नारळ फुटला. आता समाप्तीबिगर उठत नाई."

मागून सरजाबाई नावाची म्हातारी म्हणाली, "मले तं हीच आवडली बाप्पा! बाकीच्या पोथीत पाप्याले पुढच्या जलमी शिक्षा. याच्यात याच जलमी, आन किती साल ते बी लिवलं हाय!"

समाप्ती माघाच्या शेवटी आणि परीक्षा तिच्या पाठोपाठ. नरहरी खांबाला टेकून खाली बसला. "झालं," म्हणाला, "बसलो मी गादीवर."

पण पुराणिकबुवांचा घसा बसला होता. खरं तर मनच उठलं होतं, कारण या पोथीत दानाचं माहात्म्य कुठंच नव्हतं! पाटलांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग नरहरीकडे.

"मास्तर, पोथी उठत नाई. पन वाचनारा उठू शकते. तुमी बसा."

नरहरी बसला. पण नुसतं वाचून सुटका नव्हती. आरतीच्या आधी सरजाबाई हात वर करायची: "मास्तर, शेजाऱ्याचा बैल माह्या वावरात चरला तं पाप बैलाले का शेजाऱ्याले?" उत्तर पटेपर्यंत ती आरती सुरू होऊ द्यायची नाही.

मी एकटाच परत आलो.

*

परीक्षा अमरावतीच्या कचेरीत, तोंडी. टेबलापलीकडे गोरे साहेब, शेजारी शिरस्तेदार, दोन कारकून, दारात पट्टेवाला. व्हरांड्यात मामा. नापास झाला की तिथूनच अकोटला न्यायचा, म्हणून बंडी जुंपूनच ठेवली होती. मी खिडकीशी उभा.

साहेबांनी चोरीचं कलम विचारलं.

नरहरीनं डोळे मिटले, हात जोडले आणि कलम सुरू केलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही, आणि सगळं पोथीच्या चालीवर! कलम संपलं. सवयीनं त्याचा सूर वर गेला, "पुंडलिक वरदे..."

त्यानं जीभ चावली. पण उशीर झाला होता. शिरस्तेदार, दोन्ही कारकून, पट्टेवाला, आणि व्हरांड्यातून मामासुद्धा, सगळे एका दमात ओरडले, "हरी विठ्ठल!"

साहेब दचकले. "ये क्या है?"

शिरस्तेदार अदबीनं उठून उभे राहिले. "साहेब, कलम संपलं."

बाहेर मामांचे बैल घुंगरं हलवत होते.

"आगे पढो," साहेब म्हणाले.

नरहरीनं पुढचं कलम म्हटलं. मग त्याच्या पुढचं. त्याच दिवशी साहेबांनी त्याला पास केलं आणि मामांची बंडी रिकामीच अकोटला गेली.

मला खिडकीतून दिसलं ते एवढंच. पण दारातला पट्टेवाला आजही शपथेवर सांगतो, की दुसरं कलम सुरू झालं तेव्हा साहेबांनी टेबलाखाली हळूच पायातले बूट काढून ठेवले होते.