पाच जणांची गाडी

माझ्या मुलीच्या लग्नाची याद माझ्याशिवाय झाली. त्या यादीला जायची गाडी मात्र मीच ठरवली होती.

आमच्यात लग्न जमलं की दोन्हीकडची माणसं बैठकीला बसतात. वऱ्हाडी किती, जेवणं किती, मानपान कुणाला काय, वाजंत्री कुणाचे, हे बोलून कागदावर उतरवतात आणि खाली मुलाचा बाप आणि मुलीचा बाप सही करतात. ती याद. शेवटी तो सौदाच असतो, फक्त सतरंजीवर बसून, पानसुपारी खाऊन केलेला. आणि सौद्याला बसलेल्या मला हरवून उठेल असा माणूस त्या काळी हुबळीत शोधावा लागला असता.

ही फुशारकी नव्हे. ज्या साली धारवाड जिल्हा मुंबईकडून म्हैसूरकडे गेला, त्या साली मी जतहून हुबळीला आलो आणि कमरीपेठेत एका पडवीत बसून फाटकी पोती शिवून विकू लागलो. पुढे बारदानाचं स्वतःचं दुकान झालं. अमरगोळच्या यार्डात धान्य ज्या पोत्यांत भरायचे त्यातली पुष्कळशी माझ्या हातून गेलेली असायची. पोत्यावरून हात फिरवला की ते किती वेळा भरून रिकामं झालंय हे मला कळायचं. माणसांचंही कळतं अशी माझी समजूत होती.

सासर धारवाडचं, शिकलेलं. सासरे शाळामास्तर, मेहुणा वकील. मी हुंडा मागितला नाही म्हणून त्यांनी मला मुलगी दिली. पुढे मी हुंडा न घेतल्याचं ते लवकर विसरले, मी बारदानवाला असल्याचं मात्र कधी विसरले नाहीत. माझी मुलगी कॉलेजसाठी मामाकडे धारवाडला राहिली. तिला बेळगावचं स्थळ मामानंच आणलं. मुलगा बँकेत, वडील निवृत्त प्रोफेसर. मुलगा आपल्या आईला आणि आत्याला घेऊन मुलगी पाहायला आला तेव्हा यार्डात शेंगांचा हंगाम होता आणि मला हलता आलं नाही. त्यामुळे होणारे व्याही आणि मी, आम्ही एकमेकांना पाहिलं नव्हतं.

बैठक बेळगावला, रविवारी ठरली. मेहुण्याचा निरोप आला, "दाजी, गाडीचं तेवढं तुम्ही बघा. त्यात तुमचा हात कोण धरणार?"

मी बघितलं. स्टेशनसमोरच्या स्टँडवर तीन दिवस घातले. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरची अँबेसिडर निवडली. तिची चारही चाकं दाबून पाहिली, डिकी उघडायला लावून स्टेपनी बाहेर काढायला लावली. तो जे म्हणाला त्याच्या दोन-तृतीयांशावर आणला. वर बेळगावात थांबायचे पैसे द्यायचे नाहीत हेही कबूल करून घेतलं.

"सावकार," तो कानडीत म्हणाला, "गाडी मी चालवू की तुम्हाला देऊन टाकू?"

"तुझी गाडी फुकट दिलीस तरी मला पेट्रोलचा विचार करावा लागेल," मी म्हटलं.

घरी येऊन खाकी कागदावर सगळा बेत लिहून काढला. साडेपाचला हुबळी सोडायची. सव्वासहाला धारवाड. तिथं मी पेढ्यांसाठी उतरायचं, गाडीनं पुढं मेहुण्याच्या घरी जाऊन त्यांना बसवून घ्यायचं. पेढेवाल्याला आदल्या दिवशीच निरोप होता, तो मागच्या दारानं देणार होता. कित्तूरला चहा. नऊच्या आत बेळगाव. रविवारचा राहुकाळ साडेचारला लागतो, म्हणून चारला सह्या आणि सव्वाचारला गाडी सुरू. रस्ता तेव्हा एकेरी होता, पुढं ट्रक लागला की लागला. त्यासाठी अर्धा तास वेगळा धरला होता. माणसं सहा: मी, बायको, माझे थोरले भाऊ अण्णा, मेहुणा, त्याची बायको, आणि दोन्ही घरांना ओळखणारे एक निवृत्त हेडमास्तर. पुढं ड्रायव्हरशेजारी दोन, मागं चार.

कागदाच्या मागच्या बाजूला मी बैठकीचे मुद्दे लिहिले होते. ते दीडशे वऱ्हाडी म्हणाले तर मी साठ म्हणायचं आणि नव्वदवर थांबायचं. असं बरंच.

बेत मिनिटाला मिनिट जुळला. मी धारवाडात उतरलो, पेढ्यांचे दोन खोके घेतले आणि चालत मेहुण्याच्या घरी पोचलो. गाडी दारात उभी होती. पुढं अण्णा आणि हेडमास्तर. मागं बायको आणि मेहुण्याची बायको. मेहुणा तेवढा बाहेर उभा होता, दार धरून.

"दाजी," तो म्हणाला, "एक अडचण झालीय. सहा होतात."

"सहाच ठरले होते."

"बैठकीला सम संख्येनं जात नाहीत. पाच किंवा सात."

"ड्रायव्हर धरून सात होतात."

"ड्रायव्हर बैठकीला बसत नाही."

"मग हेडमास्तरांना राहू दे."

"ते मध्यस्थ आहेत." मग त्यानं आवाज खाली आणला. "दाजी, तिथं पोती विकायची नाहीत. तुम्ही समोर बसलात की माणूस घाबरतो. गदगचं आठवतंय ना?"

गदगचं सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी तिकडचं एक स्थळ आलं होतं. बैठक आमच्याच घरी होती. दोन तास बोलणी चालली आणि वाजंत्र्यांवर अडली. वाजंत्री त्यांनी आणायचे असं मी म्हणत होतो आणि माझं बरोबर होतं. ते उठून गेले. वाजंत्र्यांवरून उठणारी माणसं पुढं कशावरूनही उठली असती, असं मी तेव्हा म्हटलं आणि आजही म्हणतो.

मी मेहुण्याला काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. शेजारची दोन दारं उघडली एवढं सांगितलं तर पुरे. अण्णा पुढच्या काचेतून समोरच्या चिंचेकडे पाहत होते. माझा सख्खा थोरला भाऊ. बायको पदर बोटाला गुंडाळत म्हणाली, "अहो, उशीर होतोय." माझ्याच बेताप्रमाणे उशीर होतोय हे ती मला सांगत होती.

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. ती साधी साडी नेसली होती, तिला काही जायचं नव्हतं.

"अप्पा, मामांना बोलू नका. मीच सांगितलंय त्यांना."

"काय सांगितलंस?"

"तुम्हाला नेऊ नका म्हणून."

मेहुणा गाडीत बसला. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. गाडी मी ठरवलेली होती, हुकूम माझा हवा होता. मी हात हलवला. गाडी निघाली. अगदी वेळेवर.

मी कट्ट्यावर बसलो. मुलगी खांबाला टेकून उभी राहिली.

"गदगची माणसं गेली तेव्हा आत अकरा पानं मांडलेली होती," ती म्हणाली. "मीठ, लिंबू, कोशिंबीर, सगळं वाढून झालं होतं. ती पानं मी उचलली."

"त्यांनी वाजंत्री माझ्या गळ्यात घातले असते."

"घातले असते तर घातले असते, अप्पा."

मग तिचं लक्ष माझ्या मांडीकडे गेलं. "पेढे राहिले."

खोके माझ्याच मांडीवर होते. भांडणात त्यांची आठवण कुणालाच राहिली नव्हती, मलाही नाही. सोयरीक जोडायला रिकाम्या हातानं जात नाहीत, हे वकिलालाही ठाऊक होतं. मी उठलो. कारण मिळालं होतं.

"मी नेऊन देतो बसनं."

"अप्पा, आत जाऊ नका. ड्रायव्हरकडे द्या."

मी आत जाणारच होतो. सतरंजीवर बसणार होतो, आणि बापाला कोण उठवतो ते बघणार होतो. बसमध्ये खाकी कागदाची मागची बाजू चार वेळा वाचली. कित्तूरला चहा घेतला, बेतात होता म्हणून.

बेळगावला टिळकवाडीतलं ते घर सापडायला वेळ लागला नाही. फाटकाबाहेर झाडाखाली माझी अँबेसिडर उभी होती आणि ड्रायव्हर बॉनेटला टेकून विडी ओढत होता. मला पाहून त्यानं विडी टाकली.

"सावकार, तुम्ही तर अंथरुणावर ना?"

"कोण म्हणालं?"

"आत तसंच सांगितलंय. मला चहा दिला तेव्हा व्हरांड्यात बसून ऐकलं. मुलीचे वडील फार आजारी आहेत, नाही तर पहिले आले असते. तुमच्या बाई डोळे पुसत होत्या." त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बऱ्यापैकी तब्येत आहे आजाऱ्याची."

फाटकातून व्हरांड्याच्या पायऱ्या दिसत होत्या. पायऱ्यांवर चपला. बायकोच्या, मी गेल्या दसऱ्याला घेतलेल्या. आतून हसण्याचे आवाज येत होते. बैठकीत हसतात हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या बैठकीत कुणी हसत नसे.

फाटक उघडायचं आणि दहा पावलं टाकायची, एवढंच होतं. पण त्या दहा पावलांत माझी माणसं खोटारडी ठरली असती आणि बोलणी तिथंच मोडली असती. पुन्हा पानं उचलायची वेळ आली असती. मी मनात दोन्ही बाजू तोलत उभा होतो, तेवढ्यात एक उंच, चष्मेवाले गृहस्थ पायऱ्या उतरून फाटकाशी आले.

"कोण हवंय आपल्याला?"

"हुबळीहून आलोय," मी म्हटलं. "पेढे राहिले होते."

"अरे वा. तुम्ही त्यांच्या दुकानातले का?"

"हो," मी म्हटलं.

ड्रायव्हर गाडीचा आरसा पुसायला लागला.

"यजमानांची तब्येत कशी आहे आता?"

"बरी आहे. सकाळी उठून बसले होते."

"काळजी घ्या म्हणावं. इकडचं सगळं छान चाललंय, त्यांना सांगा." त्यांनी खोके घेतले आणि खिशातून दोन रुपयांची नोट काढली. "बसला होतील."

माझ्या होणाऱ्या व्याह्यांनी मला दोन रुपये दिले आणि मी ते घेतले. न घेणारा नोकर त्यांनी दुसऱ्यांदा निरखून पाहिला असता. ते आत गेल्यावर ड्रायव्हर हळूच म्हणाला, "इरली बिडरी, सावकार." असू द्या, सोडून द्या. ज्याला मी दोन-तृतीयांशावर आणलं होतं, तो मला असू द्या म्हणत होता. ती नोट मी परतीच्या तिकिटाला दिली. ठेवून काय करायचं होतं?

संध्याकाळी सगळे धारवाडला परतले, राहुकाळ टाळून, माझ्या कागदाप्रमाणे. पेढे तिथं कसे पोचले हे कुणी विचारलं नाही, म्हणजे ड्रायव्हरनं सांगितलं होतं. मेहुण्यानं याद माझ्यापुढं ठेवली. वऱ्हाडी दीडशे. मी नव्वदवर आणले असते. वाजंत्री आमचे. मानपान ते म्हणतील तसा. खाली वधूपित्याच्या जागी मेहुण्याची सही होती आणि शेजारी त्याच्या वळणदार अक्षरात, "प्रकृती अस्वास्थ्यामुळे मामा."

"जमलं, दाजी," तो म्हणाला.

"एवढं देऊन कुणालाही जमतं," मी म्हटलं.

मुलगी आत गेली. लग्नाचा सगळा खर्च मी केला, दीडशे वऱ्हाड्यांसकट, आणि एका शब्दानं कुरकुर केली नाही. त्याचं कौतुक कुणी केलेलं मला आठवत नाही.

सीमांतपूजनाला व्याही समोर आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग चष्मा पुसला, मला मिठी मारली आणि कानाशी म्हणाले, "तब्येत कशी आहे आता?"

"बरी आहे."

त्यानंतर ते प्रत्येक भेटीत हेच विचारत राहिले. बारशाला, दिवाळीला, मुंजीला. चारचौघांत, अगदी आपुलकीनं. मला खोकलासुद्धा नसायचा. बायकोला वाटायचं, किती मायाळू माणूस. व्याही आणि मी त्यावर कधी बोललो नाही. ते गेले त्याच्या आदल्या दिवाळीलाही पलंगावर पडल्यापडल्या त्यांनी मलाच विचारलं, आणि मीही तेच सांगितलं.

आता जावयाची बदली हुबळीला झालीय आणि नातीचं लग्न ठरलंय. स्थळ निपाणीचं. हल्ली मुलंमुली आपसात ठरवतात, पण बैठक अजून होते. गेल्या महिन्यात मुलीचा फोन आला.

"अप्पा, रविवारी निपाणीला जाऊन संध्याकाळी परत यायचंय. गाडीचं तेवढं तुम्ही बघाल?"

"किती जण?"

तिनं पुटपुटत मोजलं. मग म्हणाली, "सहा."

तिनं मला धरून मोजलं होतं, हे मला कळलं. ते कळायला पोत्यावरून हात फिरवावा लागला नाही. इतक्या वर्षांनी तिनं एक माणूस वाढवला होता.

"बैठकीला सम संख्येनं जात नाहीत," मी म्हटलं. "तुझ्या मामाला विचार."

फोन मी ठेवला. पुन्हा वाजला, तो बायकोनं घेतला.

गाडी मी त्याच दिवशी ठरवली. पाच जणांची. पोरगेला ड्रायव्हर होता, एक दर सांगून मोबाइलमध्ये बघत बसला. तासभर उन्हात उभं राहून मी त्याला खाली आणला. रविवारी सकाळी ती माणसं निघाली तेव्हा मी दुकानात होतो. रविवारी दुकान बंद असतं.