गायरानाकडं न मारलेली हाक

माझ्या आत्यावर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, चाकूर तालुक्यातल्या एका गायरानावर. शेजारच्या शेतकऱ्यानं वाळलं गवत जाळायला आपला बांध पेटवला आणि तो जेवायला घरी गेला. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात अजून सगळे "वणवा लागला" असंच म्हणतात. लागला म्हणे. आपोआप!

आत्याचं माहेर, म्हणजे आमचं घर, भोकरच्या डोंगराकडं. तिकडची आग वेगळी. फाल्गुनात सागाची पानं गळून घोटाभर थर साचतो आणि त्यातून आग सरकत येते. चढावर पळते, उतारावर मात्र रांगते. लहानपणी मी पळसाची ओली फांदी घेऊन आत्याच्या मागं जायची. ती पानं झाडून पट्टा मोकळा करायची, आगीच्या तोंडाशी उभी राहायची आणि झोडपायची. "आगीला पाठ न्हाई दावायची, पोरी. पाव्हण्यासारखं समोरून भेटायचं," म्हणायची. तोंड काजळीनं काळं, त्यात दात तेवढे पांढरे.

अर्धापूरकडं केळीच्या बागांना सतत पाणी. तिथं आग बांधावरच मरते. चाकूरकडचं, आत्याच्या सासरचं गायरान सपाट, गुडघाभर कुसळी गवत वाळून कडकडीत झालेलं, वर दुपारचा वारा. तिथं आग रांगत नाही, उडते.

म्हणून तिकडं रीत आहे. बांध पेटवायच्या आधी चारी बाजूंना तोंड करून हाक मारायची, "बांध पेटवून राहिलो होऽ!" शेजारी फांद्या घेऊन येतात, आपापली बाजू सांभाळतात. त्या दिवशी तीन शेतांकडं हाक गेली. तिघं आले, आपापल्या बाजूची आग विझवून निघून गेले. चौथी बाजू गायरानाची. तिथं आत्या आणि आमच्या समाजाची आणखी काही घरं, सातबाऱ्यावर नाव नसताना, कैक वर्षं तूर पेरतात. तिकडं हाक गेलीच नाही.

आत्याला धूर दिसला तेव्हा तिच्या शेळ्या झोपडीशी बांधलेल्या होत्या. तिनं लिंबाची फांदी मोडली आणि माहेरी करायची तेच केलं. समोरून गेली. वाऱ्यानं आग तिच्या अंगावरून पलीकडं नेली. शेळ्या दाव्यालाच गेल्या. आत्या लातूरच्या दवाखान्यातून परत आली ती उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटलेली घेऊन. त्या हातानं आता भाकरी थापता येत नाही.

गायरानाच्या हक्कांसाठी गावोगाव पत्रकं वाटते मी; त्या शेतकऱ्याकडंही गेले. चहा ठेवायला सांगितला त्यानं, खोटं कशाला बोलू.

"ताई, वाऱ्याला कोण काय करणार?"

"काडी वाऱ्यानं ओढली का, काका?"

"तुम्ही पत्रकं वाटणारी माणसं, तुमच्याशी बोलण्यात कोण जिंकणार!" तो हसला.

"तिघांना हाक मारली. चौथ्या बाजूकडं का न्हाई?"

तो खरोखर गोंधळला. "गायरानाला काय हाक मारायची? तिथं कुणाचं शेत हाय का?"

चहा तसाच ठेवून मी उठले. त्याच्या मनात पाप असतं तर भांडता आलं असतं. त्याच्या नजरेत तिथं माणूसच नव्हतं.

या फाल्गुनात मी आत्याकडं गेले तर ती बांधाजवळ उभी. पलीकडं तो गवत गोळा करत होता.

"इथं उन्हात काय करून राहिलीस?"

"पेटवायचं दिसतंय त्याचं," ती म्हणाली. "हाक आली तर ऐकू यावी म्हणून."

पदराखाली झाकलेला हात तिनं काढला नाही. त्यानं इकडं, तिकडं, मागं हाक दिली. आमच्याकडं पाठच राहिली. मग मीच ओरडले, "इकडं माणसं हायेत होऽ!" त्यानं वळून पाहिलं आणि काडी ओढली. त्या दिवशी वारा नव्हता, एवढंच आमचं नशीब.

तुमचा बांध असेल आणि पलीकडं गायरान असेल, तर काडी ओढायच्या आधी तिकडं तोंड करा. हाक मारा. उत्तर येईपर्यंत काडी पेटीतच ठेवा.