निवृत्तीची तिसरी बॅटरी

सेक्रेटरी साहेबांनी सरळ चोर म्हटलं असतं, तर निवृत्ती भांडला तरी असता. पण त्यांनी चष्मा पुसत नुसतं विचारलं, “निवृत्ती, तीन वर्षांत तीन बॅटऱ्या. नवी बॅटरी जाते कुठे रे?”

१९७९ च्या जानेवारीतला सोमवार होता. संस्थेच्या फिरत्या दवाखान्याची गाडी नाशिकच्या ऑफिसच्या दारातच उभी होती. चावी फिरवली की एकदा कण्हायची आणि गप्प व्हायची. तिकडे निफाडकडच्या गावांत बायका लेकरं घेऊन तिची वाट पाहत होत्या.

“कुठं जाणार साहेब? गाडीतच आहे की.”

“गाडीत जी आहे, ती मेलेली आहे. नवी बाहेर विकायची आणि कुणाची तरी जुनी आत बसवायची, असं बाजारात चालतं म्हणे. मी नाही म्हणत, विश्वस्त म्हणतात. शनिवारी मीटिंग आहे. बॅटरी का मेली ते लेखी घेऊन ये. नाहीतर चावी इथे टेबलावर ठेव.”

निवृत्ती सतरा वर्षं गाडी चालवत होता. आधी साखर कारखान्याचा ट्रक, मग हा दवाखाना. नोकरी जाण्याची भीती होतीच, पण राहत्या वसाहतीत ‘बॅटरीचोर’ म्हणून ओळख पडली तर पोरीच्या सोयरिकीचं काय, ही त्याहून मोठी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, बॅटरी का मेली हे त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

कारण त्याच्याइतकं बॅटरीचं कुणी करत नसेल. कारखान्यात हे काम वर्कशॉपकडे असे, ड्रायव्हरने हात लावायचा नाही. इथे गाडी ताब्यात आली तेव्हा त्याने ते हौसेने अंगावर घेतलं. रोज सकाळी सहाला बॉनेट उघडायचं, बॅटरीची सहाही बुचं काढायची, प्रत्येक घर काठोकाठ भरायचं आणि वरून धुवट फडक्याने पुसून घ्यायचं. पाणीही साधंसुधं नाही. दवाखान्याच्या सिस्टर सिंधुबाई गावोगाव कर्ण्यावरून सांगत, “पाणी उकळा, गाळा, गार करा, मगच वापरा.” महिन्यातून वीस वेळा निवृत्तीच्या कानावर ते पडे. माणसाच्या पोटाला चांगलं ते बॅटरीला वाईट कसं असेल? त्याची बायको चांगुणा चहा झाला की त्याच चुलीवर पातेलंभर पाणी उकळी. ते चौपदरी फडक्यातून गाळून सलाइनच्या रिकाम्या बाटलीत भरलं जाई.

बुधवारी त्याला गोरक्ष भेटला. हा पिंपळगावच्या द्राक्षव्यापाऱ्याचा टेम्पो चालवायचा.

“माझी चौथं वरीस चाललीय,” गोरक्ष म्हणाला. “बॉनेट उघडतो ते दसऱ्याला, हार घालाया.”

“आणि पाणी?”

“मला काय ठावं? पंचवटीत आलो का टेम्पो पुंजाभाऊच्या बॅटरीच्या दुकानाम्होरं लावतो न च्या प्यायला जातो. तो बघतो काय बघायचं ते. तू लय लाड करतो रे बॅटरीचे, म्हून रुसती तुझी!”

निवृत्ती हसला नाही. काही न करणाऱ्याची चार वर्षं आणि आपली अकरा महिने, हा हिशेब त्याला कुठल्याच बाजूने लागेना. दुसऱ्या दिवशी त्याने बॅटरी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि पंचवटी गाठली.

पुंजाने बुचं उघडली, आत डोकावलं, वास घेतला.

“पाणी कुठलं घालता?”

“एकदम शुद्ध. उकळून, गाळून.”

“बाळंतिणीला पाजायचं होतं का?” पुंजा म्हणाला. “उकळता ते भांडं घेऊन या.”

भांडं कशाला, हे निवृत्तीला कळेना. घरी चांगुणा भडकली. “माझी भांडी नीट घासलेली नसतात, असं सांगून आलात का तिथं?” आणि पातेलं स्वतःच काखोटीला मारून निघाली.

पुंजाने पातेल्याच्या तळावर स्क्रू-ड्रायव्हर ओढला. पांढरी खपली निघाली.

“हा तर चुना,” चांगुणा म्हणाली. “वसाहतीत बोअरचं पाणी आहे. कितीही घासलं तरी धरतोच.”

“खाली बसला तो दिसला, वहिनी. जे क्षार बसले नाहीत, ते हिच्या पोटात गेले.”

“मग शुद्ध पाणी तरी कोणतं?” निवृत्तीने विचारलं.

“झाकणाला आतून थेंब धरतात ना, ते. वाफेचं पाणी. आमच्याकडे बाटलीत मिळतं.”

“ते तर मी रोज झटकून टाकते!” चांगुणा म्हणाली.

“आणि रोज कशाला भरायचं? पंधरा दिवसांनी बघा. आतल्या शिशाच्या पट्ट्या बुडून पाणी बोटभर वर असलं की बास. काठोकाठ भरलं की उतू जातं, आणि बरोबर आतलं तेजाबही जातं.”

“म्हणजे मी कमी केलं असतं, तर जास्त टिकली असती?”

“हो.”

पुंजाने बॅटरीच्या टोकांवर साठलेली हिरवी-पांढरी बुरशी गरम पाण्याने धुतली. खालच्या शिशावर एक नंबर कोरलेला निघाला. “हा तुमच्या साहेबांच्या बिलावर असेल. बघायला सांगा.”

शनिवारी निवृत्तीने पुंजाकडून लिहून आणलेलं कारण आणि चावी, दोन्ही टेबलावर ठेवलं. नंबर जुळला. बॅटरी तीच होती. सगळी हकीकत ऐकून सिंधुबाईंनी कपाळावर हात मारला. “अहो निवृत्तीभाऊ, मी माणसांसाठी सांगत होते हो!” विश्वस्त हसले. साहेबांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘अफरातफर नाही. चालकाच्या अज्ञानामुळे बॅटरी निकामी,’ आणि रजिस्टर निवृत्तीपुढे सरकवलं.

“सही कर.”

‘अज्ञान’ या शब्दापाशी त्याचं पेन थांबलं. सही केली, तर सतरा वर्षांच्या ड्रायव्हरला काही कळत नाही हे त्याच्याच हाताने कागदावर यायचं. नाही केली, तर सोमवारचा प्रश्न तसाच लोंबकळणार. जे तीन वर्षं मनापासून केलं, त्याला चोरी म्हणायचं की अज्ञान? तिसरं नाव रजिस्टरमध्ये नव्हतं. त्याने सही केली. साहेबांनी चावी पुढे केली.

“नवी किती टिकेल साहेब?”

“पुंजा काय म्हणाला?”

“तीन वर्षं, नाहीतर चार. वापरावर आहे म्हणाला.”

“मग नीट वापर.”

‘नीट’ म्हणजे कसं, हे विचारावं असं त्याला वाटलं. पण लोक पुढच्या विषयाकडे वळले होते.

बाहेर चांगुणा उभी होती. “चोर नाही ना ठरलात?”

“नाही.”

“चावी दिली?”

“दिली.”

“मग तोंड असं का केलंय?”

“तेच तर कळत नाही,” निवृत्ती म्हणाला.